कन्यादानाला बसलेली जोडी

पूर्णेजवळच्या त्या गावात कडूबाईचा विषय निघाला की पारावरची माणसं अजून एकच वाक्य बोलतात, "लकवा झालेल्या नवऱ्याला खाटेवर टाकून गेली बाई." वाक्य खोटं नाही. ती गेली तेव्हा बन्सीधर खाटेवर होता, त्याचं डावं अंग गेलेलं होतं. पुढं त्याला पुतण्यानं आपल्या घरी नेलं आणि त्या वर्षीची दिवाळी काही बन्सीधरला दिसली नाही. तेव्हापासून कडूबाईच्या नावाला हे वाक्य चिकटलं ते चिकटलंच. पण ती त्या घरात परत आली कशी होती, ते पारावर कोणी सांगत नाही.

तिच्या आधीच्या दोन पोरी पाळण्यातच गेल्या, म्हणून आजीनं हिचं नाव कडूबाई ठेवलं. कडू वस्तूला मरण तोंड लावत नाही, असा म्हातारीचा हिशोब. म्हातारी त्यात चुकली नाही. कडूबाई वाढली, लग्न होऊन पूर्णेकडं गेली, तिला सृष्टी झाली. सृष्टी सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी विहिरीवरची मोटर बंद पडली. बन्सीधर ती खोलून बसला होता. कडूबाईला कंदील आणायला उशीर झाला, आणि त्यानं हातातला पान्हा फेकला नाही, फिरवला. तिनं डोक्याच्या आडवा हात घेतला म्हणून डोकं वाचलं. पंच बसले, फारकत झाली. मोडलेला डावा हात गावातल्याच एकानं फळ्या बांधून बसवला, तो मनगटाच्या वर वाकडा जुळला. पोरगी विचारायला लागली तेव्हा कडूबाईनं तिला सांगितलं, "इहिरीच्या पायऱ्यावरून पडले व्हते."

भावाच्या घरी वर्षभर राहिल्यावर भावजयीची भांडी जोरात आपटायला लागली. मग कडूबाई पोरीला घेऊन सेलूला आली. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाशी बसून पिवळी कवडी म्हणजे डागाळलेला कापूस, पाला आणि सुतळीचे तुकडे वेचून बाजूला काढायचे, हे तिचं काम. हंगाम संपला की लोकांच्या रानात खुरपणी. जिनिंगच्या मागं पत्र्याची एक खोली तिनं भाड्यानं घेतली. उन्हाळ्यात ती खोली तापलेल्या तव्यासारखी व्हायची. पण दाराला आतून कडी होती, बाहेरून कुलूप होतं आणि दोन्ही कडूबाईच्या हातात होती. त्या खोलीत पंधरा वर्षं गेली. सृष्टी शिकून नर्स झाली, परभणीच्या एका दवाखान्यात लागली.

मग एक दिवस तिचा भाऊ आबासाहेब खोलीवर आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "सृष्टीला स्थळ आणलंय. पिंगळीचं. पोरगा परभणीला ट्रॅक्टरच्या शोरूममधी मेकॅनिक हाय. गोपाळ नाव. निर्व्यसनी."

"निर्व्यसनी हाय असं कोण म्हणलं?"

"त्याची माय."

शेजारच्या खोलीतली पिंकी दारातच तांदूळ निवडत होती. ती जिनिंगमध्ये कडूबाईच्याच रांगेत बसायची. ती म्हणाली, "मामा, मायला इचारून ठरवलं व्हय? मंग माजा नवराबी निर्व्यसनीच हाय की."

आबासाहेबानं तिच्याकडं बघितलं नाही. "बापाचं इचारलं त्यांनी. म्या सांगितलं, तब्येत बरी नसती, शेतावरच राहतेत."

"दादा, फारकत झालीय आमची."

"ती आपल्या पंचात झालीय. पिंगळीत न्हाई झाली."

"कन्यादानाला तुमी आन वैनी बसा. पोरीला वर्सभर तुमीच तर सांभाळलं."

"बाप जिता असताना मामानं कामून बसायचं? लोक इचारणार, बाप कुठाय. मंग सारंच उकरून निघंल. एका दिसाचा सवाल हाय कडू. जोडीनं बसायचं, पाणी सोडायचं, पुन्हा आपापल्या वाटंनं जायचं."

कडूबाईनं नाही म्हटलं असतं. पण त्याच आठवड्यात सृष्टी सुट्टीला आली. मामानं तिला गोपाळचा नंबर आधीच दिला होता; पत्र्याच्या मागं उभी राहून ती त्याच्याशी फोनवर बोलत होती आणि कसल्या तरी गोष्टीवर खळखळून हसली. लेकीचं असं हसणं कडूबाईनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की हे स्थळ मोडलं तर हे हसणंही जाईल. तिनं भावाला फोन लावला. "चला पूर्णेला."

बन्सीधर ओसरीवर खाटेवर पडला होता. फारकतीनंतर केलेली दुसरी बायको लकव्याच्या पहिल्याच महिन्यात माहेरी गेली होती. पुतण्या दोन वेळचं आणून ठेवायचा. खाटेखालून लघवीचा वास येत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेल्यानं त्याचे शब्द जड निघत होते, पण बोलण्याची तऱ्हा तीच होती.

"आलीस व्हय. बस. हात बरा झाला का?"

ताप उतरला का असं विचारावं तसं त्यानं विचारलं. कडूबाई म्हणाली, "झाला."

आबासाहेबानं सगळं सांगितलं. बन्सीधर ऐकून हसला. "म्हंजे फेटा बांधून बसवणार, पाणी सोडून झालं की हितं आणून टाकणार. मी काय पोळ्याचा बैल हाय का, एक दिस सजवायला?"

"तसं न्हाई दाजी..."

"मला जमतंय बसायला. पर हिनं नांदायला यायचं. लग्नाच्या आधी घर धरायचं, चूल पेटवायची, कायमचं. न्हाईतर पिंगळीला मीच निरोप धाडतो. नवऱ्याला फारकत देऊन गेलेल्या बाईची पोरगी हाय म्हणून."

परतताना रस्ताभर आबासाहेब तिला समजावत राहिला. माणूस आता अर्धा मेलेला आहे, काय करणार तो, उलट तुला हक्काचं घर होईल, लोक नाव घेतील. कडूबाई खिडकीतून बाहेर बघत होती. सेलू आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सृष्टीला यातलं काई कळता कामा न्हाई."

सृष्टीला बातमी लागली तेव्हा ती धावतच खोलीवर आली. "आई, खरं सांग. माझ्यासाठी चाललीस का तू?"

"तुज्यासाठी कशाला? त्यांनी निरोप धाडला, मलाबी वाटलं. म्हातारपणी एकटं राहता येतं का माणसाला? माज्या मनानं चाललेय."

"पप्पा सुधारले?"

"सुधरतंय की माणूस. येळ लागतो, एवढंच."

सृष्टी आईच्या गळ्यात पडली आणि रडली. बापाचं नाव तिनं आयुष्यभर फक्त अर्जांवर लिहिलं होतं, त्या नावाला आता तोंड मिळणार होतं. रडता रडता तिची बोटं आईच्या वाकड्या हातावर थांबली. ट्रेनिंगला असताना एकदा ती म्हणाली होती, "आई, पडलं की माणूस तळहात टेकतो, मग हाड मनगटाशी मोडतं. तुझं वर मोडलंय. हे कशाचा तरी फटका बसून मोडतं." तेव्हा कडूबाईनं विषय बदलला होता. आज सृष्टीनं विचारलं नाही. बहुतेक तिला उत्तर नको होतं.

खोली सोडायच्या दिवशी पिंकीनं डबे बांधायला मदत केली. शेवटी म्हणाली, "मावशी, लेकीच्या लग्नात माय हुंडा देते, सोनं देते. सवताला देणारी तूच बघितली."

लग्न मे महिन्यात झालं. मंगल कार्यालयातले कूलर नुसतेच घरघरत होते. बन्सीधरला आंघोळ घालून, नवा शर्ट चढवून, दोघांनी धरून पाटावर बसवलं. शेजारी कडूबाई बसली. सकाळपासून दोघांना उपास होता. गुरुजी म्हणाले, "यजमान, ओंजळ धरा. आईंनी वरून पाण्याची धार सोडायची."

बन्सीधरचा उजवा हात पुढं आला. डावा कोणीतरी उचलून त्याला लावला, तो घसरून मांडीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेव्हा कडूबाईनं आपला डावा हात त्या मेलेल्या हाताखाली घातला, तो वर उचलून धरला आणि उजव्या हातानं धार सोडली. वाकड्या हाडावर त्याच्या हाताचं सगळं वजन आलं होतं. फोटोवाला ओरडला, "काकू, तसंच धरा! हलू नका!" पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

पंगतीत बन्सीधरला व्याह्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवलं होतं. पोटात जिलबी गेली आणि त्याची जीभ सुटली. "सोळा वर्सं फारकत घेऊन माहेरात काढली हिनं. शेवटी आलीच. म्याबी मन मोठं केलं, घेतली घरात."

आबासाहेबाच्या हातातला वाढायचा चमचा तिथंच राहिला. आता लग्न मांडवातच मोडतं की काय, असं त्याचं तोंड झालं. पण गोपाळची आई राजेश्रीबाई हसली. "आबासाहेब, लपवायचं काय त्याच्यात? दोन भांडी एका घरात म्हणल्यावर वाजतीलच. बाई माघारी आली ना? सोळा वर्सांनी नवऱ्याची चूल धरली, ह्यात समदं आलं. इहीणबाई, तुमच्या लेकीची मला आता काळजी न्हाई. अशा मायची लेक घर मोडायची न्हाई."

कडूबाईनं दिवसभराच्या उपासानंतर पहिला घास तोंडात घातला होता. तो तिनं पाण्याबरोबर खाली ढकलला.

त्यानंतरचे तिचे दिवस खाटेभोवती गेले. बन्सीधरला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, गोधडी धुवायची. त्याचा उजवा हात शाबूत होता. चहा गार लागला की कप भिंतीवर जायचा, कधी तिच्यावर. शेजारीच राहणारी आशा सेविका धम्मशीला त्याचं ब्लड प्रेशर बघायला यायची. एकदा तिनं कडूबाईच्या गालावरचा वळ बघितला आणि यंत्राचा पट्टा तिच्याच दंडाला गुंडाळायला घेतला. "वैनी, तुमचंबी बघू द्या." कडूबाईनं हात मागं घेतला. "मला काय धाड भरलीय?"

पंचमीला लेकी माहेरी येतात, तशी सृष्टी आली. पण तिला आणायला कोणी गेलं नव्हतं आणि पोचवायलाही कोणी आलं नव्हतं. हातात एक पिशवी. बांगड्या अर्ध्याच होत्या. चहा घेता घेता म्हणाली, "आधी हे म्हणाले नाइट ड्युटी नको. मग म्हणाले, ड्युटीच नको."

"हात उचलतो का?"

सृष्टीनं कप खाली ठेवला. "एकदा," म्हणाली. मग घाईघाईनं, "पण पप्पा पण पहिले तसेच होते ना? आणि आता तू राहतेसच ना? तू म्हणाली होतीस, वेळ लागतो. मी पण वेळ देऊन बघते."

ती आईच्या तोंडाकडं बघत होती. कडूबाईला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "चहा पाज आन संध्याकाळच्या गाडीत बशीव. लग्नाला तीन म्हैने न्हाई झाले आन पोरगी घरात ठिवली तर लोक तोंडात शेण घालतेल माज्या." सांगावं तर काय सांगावं? तुझ्या लग्नासाठी मी ह्या खाटेला बांधून घेतलं, असं? मग पोरीचं लग्नच तिच्या डोक्यावर ओझं होईल. कडूबाईनं मान हलवली. "हां. येळ लागतो, माय."

तिनं लेकीची खणा-नारळानं ओटी भरली, स्टेशनपर्यंत गेली आणि तिला पिंगळीच्या गाडीत बसवून दिलं.

महालक्ष्म्या उठल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सृष्टी पुन्हा आली. दुपारची वेळ होती. ती सरळ आत गेली आणि चुलीपाशी बसली. कडूबाई तिच्या डाव्या बाजूला भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "जेवलीस का?" सृष्टी चुलीतल्या जाळाकडं बघत होती. कडूबाईनं पुन्हा विचारलं. तेव्हा सृष्टीला काहीतरी आवाज आला असावा, तिनं सगळी मानच वळवली.

"या बाजूनं बोलशील का आई? डाव्या कानाचा पडदा फाटलाय."

पेशंटची माहिती डॉक्टरला सांगावी तशा आवाजात ती बोलली. कधी, कशानं, हे कडूबाईनं विचारलं नाही. गालावर बोटं उमटली होती, ती मोजायचीही गरज नव्हती.

सृष्टी पुन्हा जाळाकडं बघत बोलायला लागली. "तिथं हॉलमध्ये आमच्या लग्नाचा फोटो लावलाय. आमचा दोघांचा नाही. तुमचा. तू पप्पांचा हात धरलेला. काही झालं की सासूबाई म्हणतात, बघ तुझ्या आईकडं, शीक काहीतरी. मी बघते रोज. मला वाटतं, आईला सोळा वर्षांनी जमलं, मला का जमू नये." तिनं एक काटकी जाळात सरकवली. "फक्त एक सांग. परत यायच्या आधी तू मनाला काय समजावलंस? ते मला समजत नाही. तेवढं कळलं तर मी जाते."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कडूबाई खाली मान घालून म्हणाली, "म्या माज्या मनानं आले न्हवते."

सृष्टी तशीच बसून होती, उत्तराची वाट बघत. तिच्यापर्यंत शब्द पोचलेच नव्हते.

कडूबाईनं तवा खाली उतरवला. हाताचं पीठ झाडलं, उठली आणि चुलीला वळसा घालून लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं होतं आणि आता मोठ्यानं बोलायचं होतं. ओसरीवर खाट करकरली.

"म्या माज्या मनानं आले न्हवते. तुज्या कन्यादानाला जोडीनं बसायचं व्हतं, म्हणून आले. ह्या माणसानं अट घातली व्हती, नांदायला ये, न्हाईतर लग्न मोडतो. कोणी सुधरलं न्हाई, सृष्टे. डावा हात मेला म्हणून उचलत न्हाई. उजवा अजून उचलतो." तिनं बाही वर सारली. "आन हे पडून मोडलं न्हाई. पंपाच्या पान्ह्यानं मोडलंय."

"हाताचं मला माहीत होतं," सृष्टी म्हणाली.

ओसरीवरून बन्सीधरचा जड आवाज आला, "कामून डोकं फिरवायलीस गं पोरीचं?"

दोघींपैकी कोणी तिकडं बघितलं नाही. सृष्टीनं आईकडं वळून विचारलं, "मग पंचमीला का पाठवलंस मला?"

कडूबाईनं बाही खाली ओढली.

"पंचमीला माझा कान चांगला होता, आई."

एवढं बोलून ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही.

कडूबाई उठली. पेटीतून दोन लुगडी काढून पिशवीत घातली. सृष्टीचा फोन घेऊन पिंकीला लावला. पिंकी म्हणाली, "तुज्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय मावशी. हंगामबी दिवाळीनंतरच हाय. माज्यात या दोघी. माजा नवरा निर्व्यसनी हाय, भिऊ नका." आणि मग फोनवरच रडायला लागली.

आवाज ऐकून धम्मशीला आली होती. तिनं सृष्टीचा कान बघितला, हनुवटी धरून गाल उजेडाकडं केला. "आधी सरकारी दवाखान्यात जा. तिथून कानाचं लिहून घ्या, मंग पुढचं. ह्यांच्या पुतण्याला म्या फोन लावते." मग हळूच म्हणाली, "वैनी, लोक लय बोलतील बरं का."

"बोलू द्या."

निघताना ओसरीतून जावंच लागणार होतं. बन्सीधर कोपरावर रेटून अर्धवट उठला होता. आता त्याच्या आवाजात रग नव्हती, भीती होती. "मला कोण बघंल?"

कडूबाई थांबली. तिनं खरोखर विचार केला. पुतण्या किती दिवस बघेल, पुतण्याची बायको गोधडी धुवेल का, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं तांब्या भरून आणला, त्याच्या उजव्या हाताला येईल असा ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि पायरी उतरली. पाठीमागून त्यानं तिला नावानं हाक मारली. लग्न झाल्यापासून त्यानं नावानं हाक मारलेली तिला आठवत नव्हती.

रस्त्यावर ऊन होतं. कापूस कमरेएवढा आला होता, बोंडं अजून फुटली नव्हती. सृष्टी पुढं बघत चालली होती. तिनं आईचा हात धरला नाही की पिशवी मागितली नाही. बरंच अंतर गेल्यावर कडूबाई काहीतरी बोलली आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण चुकीच्या बाजूनं चालतो आहोत. ती दोन पावलं मागं राहिली, लेकीच्या पाठीमागून वळून उजव्या बाजूला आली.

सृष्टीनं तिच्याकडं बघितलं नाही. पण आईला चालायला जागा व्हावी एवढी ती बाजूला सरकली.